न प्यायलेल्या दारूची शपथ

"उचल की ज्ञानू. बघत काय बसलायस? भंडारा काय चावतोय का तुला?"

भिवातात्यानं पितळेचं ताट माझ्या गुडघ्यापाशी सरकवलं. ताटात मूठभर भंडारा आणि वर बेलाची पानं. आमच्या खंडोबाच्या देवळाच्या ओट्यावर सगळी भावकी मांडी घालून बसली होती. आमच्याकडं बेलभंडारा उचलून माणूस जे बोलला ते दगडावरची रेघ. मग कोर्टानं उलटं सांगितलं तरी कोण ऐकत नाही.

"काय म्हणून उचलू?" मी विचारलं.

"आजपास्नं दारू सोडली म्हणून."

"तात्या, मी पीत न्हाई."

ओट्यावर हशा पिकला. ढोलवाला मारुती तर मांडीवर थापा मारून हसला. "ऐका! बँडवाला, आणि म्हणं पीत न्हाई!"

माझं टाळकंच सरकलं. भैरवनाथ ब्रास बँड म्हणजे ही भावकीच. ढोल, ताशा, कर्णे सगळे ह्यांच्यातलेच, आणि सगळ्यांच्या पुढं क्लॅरिनेट घेऊन चालणारा मी, ज्ञानू ऐवळे. ज्ञानू मास्तर. ह्यातले निम्मे वरातीच्या आधीच टाकून यायचे, त्यांना सांभाळत, ढकलत मी वरात पार पाडायचो. आणि आज शपथ कुणी घ्यायची? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तात्या आमचे थोरले कारभारी. बापाचे चुलतभाऊ. त्यांनी एकेक करून सुनावायला घेतलं. "तुझी जीभ जड पडती. बोलतोस ते निम्मं कळत न्हाई. पौषातल्या थंडीत तुझा शर्ट घामानं भिजतोय. क्लॅरिनेटचा सूर जाग्यावर राहत न्हाई. गेल्या लग्नात तर नवरदेवाच्या घोड्याला जाऊन धडकलास. घोडा केवढा, ज्ञानू! घोडा दिसत न्हाई माणसाला? आता ह्याला काय म्हणायचं?"

"म्हणायचं ते म्हणा. पण मी थेंबाला शिवलो न्हाई."

माझा धाकटा भाऊ सुबराव शेजारीच बसला होता. तो माझ्या कानाशी आला. "दादा, घे की शपथ. एका मिनटाचं काम हाय. पीतच न्हाईस तर शपथ घ्यायला काय जातंय तुझं?"

खरं सांगतो, बोलणं बिनतोड होतं. माझा हात ताटाकडं गेलासुद्धा.

"ज्ञानू, घेऊ नको."

आवाज आईचा. ती खाली पायरीवर, खांबाला टेकून बसली होती. आमच्या भावकीच्या बैठकीत बायका बोलत नाहीत आणि आई तर कुठंच बोलायची नाही.

"वहिनी, तुम्ही मधी पडू नका," तात्या म्हणाले.

"घेऊ नको," ती परत म्हणाली. बास. पुढं एक अक्षर नाही.

का ते विचारायचं राहूनच गेलं. आणि ते हसणं माझ्या डोक्यात अजून खदखदत होतं. मी उठलो. "तात्या, न प्यायलेली दारू सोडू कशी? आधी एक बाटली मागवा. पितो सगळ्यांच्या देखत, मग सोडतो."

तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग पुढं सुबराव उभा राहील. तू मागं झांजा वाजव."

"झांजा तुम्हीच वाजवा. गाल वाजवायची सवय हायच."

क्लॅरिनेट काखोटीला मारली आणि ओट्यावरनं उतरून आईला घेऊन निघालो. निघताना डाव्या बाजूच्या दगडी दीपमाळेला धडकलो. मागं परत हशा.

आता ह्याला बरीच वर्षं झाली. पण तेव्हा माझी गत काय होती ते सांगायला पाहिजे. दोन-तीन वर्षांपासून अंगात काहीतरी उलटंसुलटं चाललं होतं. बुटात पाय जाईना. बँडची टोपी डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी बसायची. बोटं गाजरासारखी जाड झाली, ओठ सुजल्यागत, दातांत फटी. क्लॅरिनेट कशावर वाजते? ओठाच्या पकडीवर. ती पकडच सुटली. आणि आम्ही बँडवाले इतके शहाणे की खापर फोडलं पत्तीवर! क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते, सूर तिच्यातनं निघतो. म्हटलं, पत्ती खराब. पत्त्या बदलून बदलून थकलो. मग सुबराव म्हणाला, "दादा, तुझं तोंड आता मोठ्या कर्ण्याचं झालंय, क्लॅरिनेट सोड." तोंड मोठं का झालं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

देवळातल्या त्या बैठकीनंतर मी घरी बसलो. सुबराव पुढं वाजवायला लागला. रस्त्यानं वरात गेली की मी दार लावून घ्यायचो. पोटापेक्षा ते जास्त लागत होतं हो. माझ्या बापाची क्लॅरिनेट होती ती, आणि पुढची जागा बापानंतर माझी. ती माझ्याकडनं कुणी कसबानं घेतली असती तर मी मान खाली घातली असती. दारुडा म्हणून घेतली, हे पचत नव्हतं.

एक दिवस बाजारात उजवीकडनं आलेली मोटारसायकल मला दिसलीच नाही. बायकोनं, शालननं, सदरा धरून मागं ओढलं म्हणून वाचलो. तिनं तिथल्या तिथं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. "लोकांचं राहू द्या," म्हणाली, "मला तर माहीत हाय तुम्ही पीत न्हाई. मग दिसत का न्हाई?"

डॉक्टरांनी माझा एक डोळा झाकला आणि बोट बाजूनं हळूहळू पुढं आणलं. समोर आलं तेव्हा दिसलं. बाजूला असताना काहीच नाही, जणू घोड्याला झापडं बांधलीत. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, पालथा केला, उलथा केला. "तुमचा जुना फोटो आहे का?"

शालनच्या पिशवीत बँडचं जुनं कार्ड होतं. त्यावर मी, टोपी घातलेला, हातात क्लॅरिनेट. डॉक्टर एकदा कार्डाकडं बघायचे, एकदा माझ्याकडं. "हे तुमचे धाकटे भाऊ का?"

"न्हाई वो, हे हेच हायत," शालन म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

मग शहरातलं मोठं हॉस्पिटल, रक्त, त्या ढणढण वाजणाऱ्या नळीत घालून काढलेले फोटो. हे सगळं कळल्यावर सुबराव आला. आईही आली, कुणी ये म्हटलं नव्हतं तरी.

तिथल्या सर्जन सबनीस मॅडम. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांनी उजेडाच्या काचेवर फोटो लावला. "हा तुमचा मेंदू. त्याच्या तळाशी, बरोब्बर नाकाच्या मागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. शरीर किती वाढवायचं हे ती सांगते. तुमच्या ग्रंथीत गाठ झालीय, सुपारीएवढी. ती वाढवा, वाढवा म्हणून सांगत सुटलीय. म्हणून हात, पाय, जबडा, जीभ वाढली. म्हणून घाम. आणि वरून डोळ्यांच्या नसांवर दाब येतोय, म्हणून बाजूचं दिसत नाही."

"म्हंजे जीभ जड होती ती..."

"जीभ खरोखरच मोठी झालीय."

"मॅडम, हे दारूनं होतं का?"

"दारूचा काडीचाही संबंध नाही."

"जरा मोठ्यांदा म्हणा," मी म्हटलं. "भाऊ दारात उभा हाय."

त्यांनी सुबरावला आत बोलावलं आणि जसंच्या तसं परत सांगितलं. सुबराव पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिला.

"आता हे काढायचं कसं?" मी विचारलं.

"नाकातून."

"नाकातनं?" मी उडालोच. "डोक्यातलं दुखणं नाकातनं काढणार?"

"कवटी फोडायची गरज नाही. नाकपुडीतून दुर्बीण आत घालायची, मागचं पातळ हाड उघडायचं आणि गाठ खरवडून काढायची. मांडीची थोडी चरबी घेऊन वाट बुजवायची. बाहेर टाकासुद्धा दिसणार नाही. पण नंतर तीन महिने नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. आणि फुंकायचं अजिबात नाही. जोर लावलात तर बुजवलेली वाट उघडेल आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळेल."

सुबरावला तेवढ्यात वाचा फुटली. "मॅडम, आमचं पोट फुंकरीवर हाय. ही लगीनसराई काढू द्या. पावसाळ्यात करू. आणि मी म्हणतो, नाकातनं हत्यार घातल्यावर दम राहतोय का माणसात? गेला तर धंद्यातनंच उठला की!"

"लगीनसराई संपेपर्यंत डोळे राहतील का, ते मी सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या.

भीती मलाही होती. कशाला खोटं बोलू? माझा सगळा जीव त्या फुंकरीत होता. मी विचारलं, "नंतर क्लॅरिनेट वाजंल?"

मॅडमनी चष्मा काढला. "ओठ आणि जीभ थोडी उतरेल. हाडं उतरत नाहीत, जबडा असाच राहील. वाजेल की नाही, मला माहीत नाही. मला क्लॅरिनेटमधलं काही कळत नाही."

मला ती बाई तिथंच आवडली. अहो, आमच्या भावकीत क्लॅरिनेटमधलं न कळणारा एक माणूस आजवर मला भेटला नव्हता.

"करा," मी म्हटलं.

"दादा, जरा दमानं घे..."

"सुब्या, आंधळा मास्तर वरातीच्या पुढं चालवशील का तू? काठीला बांधून?"

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का? मोठे हातपाय, मोठा जबडा, दिसेनासं होणं? क्वचित हे घराण्यात चालतं."

"छे," सुबराव म्हणाला. "आमच्यात कुणाला न्हाई."

"ह्यांच्या आबाला," आई म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून बघितलं. आबा म्हणजे आमचा बाप. आम्ही लहान असतानाच गेला. आबाबद्दल आम्हाला जे ठाऊक होतं ते गावानं सांगितलेलं. मास्तर मोठा होता, पण दारूनं खाल्ला. शपथ मोडली म्हणून खंडोबा कोपला आणि डोळे गेले.

आई स्टुलावर ताठ बसून मॅडमशीच बोलत होती, आमच्याकडं बघत नव्हती. "हात सुपाएवढे झाले हुते. जीभ जड. भित्ताडाला, खांबाला धडकायचे. सगळे म्हणले, बाबू मास्तर प्यायला लागला. ते म्हणायचे, न्हाई गं, मला दिसंना झालंय. मग भिवाभाऊजींनी बैठक बसवली. ताट पुढं आलं. हे उचलंनात. म्हणले, न प्यालेल्याची शपथ कशाला?"

"मग?" मी विचारलं.

"मग मीच त्यास्नी म्हणले, घ्या की. एका मिनटाचं काम हाय. पीतच न्हाई तर काय जातंय? पुढची जागा तरी राहील. मी त्यांचा हात धरून ताटात ठिवला."

सुबरावनं मान खाली घातली. अगदी हेच शब्द ओट्यावर त्यानं मला सांगितले होते.

"शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवसापास्नं ते दारुडे झाले," आई म्हणाली. "घेतली म्हंजे पीत हुता, हे सगळ्यांनी धरूनच घेतलं. पुन्हा धडकले तर म्हणले, शपथ मोडली. आंधळे झाले तर म्हणले, देवानं डोळे काढून घेतले. मग मलापण कधी कधी वाटायचं, चोरून पीत असतील का? सात फेरं घेतलेल्या नवऱ्याबद्दल असं वाटायचं मला. मरताना म्हणले, तू तरी म्हण की मी पीत न्हवतो. मी म्हणले न्हाई."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, त्यांनाही हेच होतं असं आज कुणी खात्रीनं सांगू शकणार नाही. त्यांची तपासणी तेव्हा झालेली नाही."

"तुम्ही सांगू नका बाई," आई म्हणाली. "मला कळलं."

मॅडमनी सुबरावचंही रक्त तपासायला पाठवलं. ते निर्मळ निघालं. पण निकाल येईस्तोवर गडी सारखा स्वतःच्या बोटांकडं बघत होता.

ऑपरेशनचं मला काय आठवणार? भूल देणाऱ्या डॉक्टरनं माझी जीभ बघून कपाळाला आठ्या घातल्या, एवढं आठवतं. जागा झालो तेव्हा नाकात बोळे गच्च भरलेले, तोंडानं श्वास, घशाला कोरड. पाणी पाणी करत होतो आणि नर्स माझं पाणीही मोजत होती आणि लघवीही. मॅडम आल्या. त्यांनी माझी मान सरळ धरली आणि हात लांब बाजूला नेला. "समोर बघा. इकडं बोटं किती?"

"दोन," मी तोंडानं घरघरत म्हटलं. "आणि त्याच्या मागं शालन रडतीय."

मॅडम पहिल्यांदा हसल्या.

महिन्याभरात घाम थांबला. बुटात पाय शिरायला लागला. शालन म्हणाली, "आता रात्रीचं घोरणं न्हाई, मला झोपच येत न्हाई." तीन महिने मी शिंकसुद्धा आ वासून शिंकलो. पोरं हसायची, हसू दे. मुदत संपली त्या दिवशी ओढ्याकाठी जाऊन क्लॅरिनेट तोंडाला लावली. बकरी ओरडावी तसा आवाज निघाला. जबडा नवा, दातांत फटी, ओठ निम्मा उतरलेला. माझं तोंड मलाच परकं होतं. पाच-पन्नास वेळा शिव्या घातल्या आणि परत लावली. रोज जायचो. पकड नवी शोधली, पत्ती जाड केली. आज इतक्या वर्षांनी पुढं उभा राहून वाजवतो तेव्हाही वरचा सूर कधी कधी फाटतो. फाटतो तर फाटू दे. माझा आहे.

तुळशीची लग्नं झाली, सराई तोंडावर आली आणि तात्यांचा निरोप आला. देवळात ये. आई म्हणाली, मीबी येती.

तोच ओटा, तीच माणसं. तात्यांनी घसा खाकरला. "ज्ञानू, तुझं दुखणं हुतं हे सुबरावनं सांगितलं. मान्य हाय. सुबरावला पुढची जागा पेलत न्हाई, हे त्योच म्हणतोय. तेव्हा तू पुढं उभा राहा. कुणाचं काय म्हणणं न्हाई."

"बरं," मी म्हटलं.

"फकस्त एक करायचं. बेलभंडारा उचल, की हितनं पुढं पिणार न्हाई. तुझ्यासाठी न्हाई रं. लोकांचं तोंड बंद करायला." आणि ताट पुढं आलं.

माझं डोकं भणाणलं. "तात्या, लोकांचं तोंड लोकांनी बंद करावं. माझ्या नाकातनं हत्यार घालून डॉक्टरनं दुखणं काढलं, पण तुमच्या डोक्यातलं कुठनं काढायचं? ठिवा तुमची पुढची जागा. मी ओढ्यावर बकऱ्यांपुढं वाजवीन."

मी उठणार, तोवर आई पायऱ्या चढून वर आली. बाईमाणूस बैठकीच्या ओट्यावर! मारुती "अवो काकू" म्हणून उठायला लागला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यापुढचं ताट तिनं उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"माझ्या नवऱ्याला ज्यानं पिताना बघितलंय, त्यानं उचलावं," ती म्हणाली. "ऐकलेलं नको. वास आला, झोक गेला, तसलं नको. डोळ्यानं बघितलेलं पाहिजे."

ताटाला कुणी हात लावला नाही.

"वहिनी," तात्या म्हणाले, "मेलेल्या माणसाचं आता कशाला उकरायचं?"

"मेलेल्याचंच उकरायचं. जित्याचं त्यो बघून घील. भाऊजी, तुम्ही त्या वक्ताला ताट आणलं हुतं. उचला की. भंडारा काय चावतोय का?"

तात्यांचा हात ताटाकडं गेला आणि मधेच थांबला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. जो तो दुसरीकडं बघत होता. आई उभीच. मी आधार द्यायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला.

मग सुबराव उठला. बेलाचं पान उचललं, भंडारा मुठीत धरला. "मी माझ्या बापाला पिताना कधी बघितलं न्हाई." आणि हुंदका देऊन खाली बसला. त्याच्यामागनं ताशावाला म्हातारा गोविंदा उठला. तो आबाच्या हाताखाली शिकलेला. "मीबी न्हाई," म्हणाला. मग एकेक जण उठत गेला. मारुतीनं उचलला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो तर आबा गेल्यावर जन्माला आलेला, त्यानं बघितलं असणार कुठनं?

राहिले तात्या. बराच वेळ मिशीवरनं हात फिरवत बसले. शेवटी भंडाऱ्यात बोटं घातली.

"म्याबी बघितलं न्हाई," छातीवर हनुवटी टेकवून ते पुटपुटले.

"मोठ्यांदा, भाऊजी," आई म्हणाली. "दारुडा म्हणला हुता तवा अख्ख्या गावाला ऐकू गेलं हुतं."

आणि तात्या मोठ्यांदा म्हणाले.